वाकळेचा घास

आमच्याकडे वाकळ उपाशी ठेवत नाहीत. सगळ्या बाजू शिवून झाल्या की शेवटचा एक कोपरा मोकळा सोडायचा, त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि मग तो कोपरा बंद करायचा. याला वाकळेला घास भरवणं म्हणतात. ज्याचे जुने कपडे वाकळेत गेले त्यानेच घास भरवायचा, स्वतःच्या हाताने. शिवणारीने नाही. उपाशी वाकळ कितीही जाड असली तरी ऊब देत नाही, असं माझी आई म्हणते आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणतात.

मी वाकळा शिवते, मशीनवर. हे सरळ सांगायला मला वेळ लागला. पप्पांनी मला रोज बसने केजच्या इंग्रजी शाळेत पाठवलं, पुढे बीडला कॉलेज झालं. नंतर काही ठिकाणी मुलाखती दिल्या. मुलाखतीत माझं असं होतं, की प्रश्न कळतो, उत्तरही येतं, पण ते घशाशी येऊन थांबतं. समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. मी घरी परत आले. घरी आई आधीपासून गल्लीतल्या बायकांच्या वाकळा हाताने शिवून द्यायची. नांदूरघाटच्या एका टेलरने दुकान बदलून रेडीमेड कपडे ठेवले तेव्हा त्याची पायाची जुनी काळी मशीन पप्पांनी आणली होती. ती ब्लाऊज आणि फॉल-पिकोसाठी आणली होती. मी तिच्यावर वाकळ घालून बघितली.

एवढं शिकून वाकळाच शिवायच्या होत्या तर गावातली शाळा काय वाईट होती, असं पिठाच्या गिरणीवर एक काका म्हणाले होते. माझ्यासमोरच म्हणाले. मी उत्तर देत नाही म्हणून लोक माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखं बोलतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, खूप काही ऐकायला मिळतं. त्या काकांच्या घरी आता माझ्या हातच्या वाकळा आहेत. हिवाळ्यात त्यांच्या अंगणातल्या दोरीवर मी त्या वाळताना बघते, आणि जाता-जाता टाके कसे टिकलेत तेही बघून घेते.

कपडे गाठोड्याने येतात. आधी ते धुवायचे, मग शिवणी उसवायच्या, बटणं, हूक, चेन काढून टाकायच्या. गाठोड्यातून घर कळतं. कुणाच्या पँटचे गुडघे झिजलेत, कुणाच्या साडीचा पदर सतत डोळ्यांना लावून लावून विरलाय, कुठल्या घरात नव्या नवरीची साडी एवढ्यातच वाकळेत टाकायला दिलीय, ते सगळं दिसतं. मी ते कुणाला सांगत नाही. बायका माझ्याकडे येतात त्याचं हेही एक कारण असावं.

सुती लुगडी आता कुणाकडे राहिली नाहीत. बाजारातल्या साड्या निसरड्या, एकीवर एक ठेवल्या की सरकतात. म्हणून सगळे थर जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर पितळी तांबे ठेवून, आधी हाताने लांब कच्चे टाके घालावे लागतात. मग दोन्ही बाजूंनी गुंडाळी करायची, एक गुंडाळी मशीनच्या कमानीखाली सारायची आणि पाय मारायला लागायचं. जाड वाकळ मशीनखालून नेणं म्हणजे अरुंद दारातून म्हैस नेण्यासारखं आहे. ओढून चालत नाही, ढकलून चालत नाही, तिच्या चालीने जावं लागतं.

सुरुवातीला बायकांचं म्हणणं होतं की मशीनची वाकळ फळीसारखी होते, अंगाला लागत नाही. ते खरं होतं. माझ्या पहिल्या वाकळेवर आमचं मांजरसुद्धा बसलं नाही. मग मी टाका सगळ्यात लांब केला, वरचा दोरा सैल सोडला, ओळींमध्ये चार बोटांचं अंतर ठेवलं. एक वाकळ तीन-तीनदा उसवली. आता माझी वाकळ झटकली की हाताच्या वाकळेसारखी पडते. हे मला कुणी शिकवलं नाही.

तर, दोन घरं पलीकडे एक काकू राहतात. त्या आणि काका दरवर्षी ऊसतोडीला जातात. दोघांचा मिळून एक कोयता, मुकादम मजूर असे जोडीनेच मोजतो. त्यांची मुलगीही दरवर्षी सोबत जायची आणि अर्धं वर्ष संपल्यावर शाळेत परत यायची. यंदा ती दहावीला आहे, म्हणून तिला पहिल्यांदाच मागे ठेवायचं ठरलं, चुलतीकडे. काकू दसऱ्यानंतर गाठोडं घेऊन आल्या. अंगावरच्या आणि सोबत न्यायच्या साड्या सोडून त्यांच्या सगळ्या जुन्या साड्या त्यात होत्या. मुलीसाठी वाकळ पाहिजे होती.

"मह्या माघारी तिला थंडी वाजली तर कोन हाय हितं?" त्या म्हणाल्या. "मी न्हाई तर मपल्या साड्या तरी ऱ्हातील अंगावर."

गाठोड्याच्या तळाशी काकांचा एक पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. उसाचं पाचट हात कापतं म्हणून बायका साडीवरून असा शर्ट घालून तोडणी करतात. बाह्यांना कोपरापर्यंत बारीक चिरा होत्या आणि धुऊनही न निघालेले काळे डाग होते. काकूंनी तो घडी करून माझ्या हातात दिला आणि आवाज खाली आणला. "ह्यो मदी घाल. वर दिसू दिऊ नको. पर घाल."

आणि जाता जाता उंबऱ्यावरून बजावलं, की घास त्या स्वतः भरवणार. ट्रॅक्टर दिवाळी झाल्यावर यायचा होता. वेळ भरपूर होता.

मी शर्ट मधल्या थरात ठेवला, पाठ वर करून. वरच्या थराला काकूंची हिरवी साडी घेतली, कडेला लाल. अर्धी वाकळ झाली आणि मशीन बिघडली.

आधी ती टाके सोडायला लागली. मी सुई बदलली, जाड सुई लावली. मग खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं व्हायला लागलं. मी बॉबिन पुसली, दोरा बदलला, पट्टा घसरतो की काय म्हणून तो आवळला. रोज तेल घातलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यांतल्या मशिनी पांढऱ्या होत्या आणि त्यांच्याखाली रुमालाएवढं कापड होतं. शेवटी अशी वेळ आली की पाय मारला की चाक फिरायचं, सुई वर-खाली व्हायची, पण कापड जागचं हलायचं नाही. एकाच भोकात टाक्यावर टाका पडायचा.

त्याच दिवसांत मशीनच्या पायावरून मुंग्यांची एक रांग वर जाताना मी बघितली. पुसून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. आमच्या घरात मुंग्या साखरेच्या डब्याला लागतात, लोखंडाला कशाला लागतील, असं मनात आलं आणि तिथेच राहिलं, कारण दुपारी काकूंच्या घरी मुकादमाचा फोन आला. कारखाना लवकर सुरू होणार होता. ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी सकाळी येणार होता.

हे सांगायला काकू स्वतः आल्या. मशीनखाली अर्धी अडकलेली वाकळ त्यांना दारातूनच दिसली. राहिली तर राहू दे, चुलती हाताने पुरी करील, एवढंच म्हणाल्या. पण चुलतीने पुरी केली तरी घास कोण भरवणार? त्या वाकळेच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मग, घरी भांडी बांधायची आहेत, म्हणून गेल्या.

आईने वाकळ हाताने चाचपून बघितली. आम्ही दोघी बसलो तरी दिवेलागणीपर्यंत हाताने होणार नाही, ती म्हणाली. काकूंना सकाळी ट्रॉलीत बसायचं होतं. आजची संध्याकाळ एवढाच वेळ होता.

मी वाकळ सोडवली, मशीनचं वरचं डोकं काढलं, जुन्या चादरीत बांधलं, स्कूटीच्या पुढे पायांत ठेवलं आणि नांदूरघाटला गेले. तिथे बाजाराच्या तोंडाशी एक जण शिलाई मशीन, मिक्सर, गॅसच्या शेगड्या असं सगळं दुरुस्त करतो. दुकानात तीन-चार पुरुष नुसतेच बसलेले होते. त्याने मशीन आडवी केली, चाक फिरवून बघितलं आणि हिच्यावर काय शिवता, असं विचारलं. मी सांगितलं.

तो बसलेल्यांकडे बघून हसला. "ताई, ही ब्लाऊज शिवायची मशीन हाय. तुमी हिला उसाच्या ट्रॉलीला जुपलंय."

सगळे हसले. एक जण म्हणाला की मग पासिंग करून घ्या, मागे लाल दिवा लावा. मला तो विनोद आवडला होता, पण माझं तोंड तसंच राहिलं. आतला भाग झिजलाय, तो बीडहून मागवावा लागेल, पुढच्या बाजारी या, असं दुकानदाराने सांगितलं. तो बोलत असताना मशीनच्या पोटातून एक मुंगी बाहेर आली आणि त्याच्या टेबलावर चालायला लागली. त्याने ती बोटाने उडवली. मागून आणखी एक आली.

सुईखालची पट्टी उघडून बघाल का, असं मी त्याला म्हणाले. हळूच म्हणाले असेन, कारण मला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं. पट्टीचा काही संबंध नाही, तो म्हणाला, आणि मशीन ठेवून जा. मी मशीन चादरीत बांधली आणि परत आणली. वाद मला घालता येत नाही. उचलून आणता येतं.

घरी दारात बसून मी ती पट्टी उघडली. दोनच स्क्रू असतात. पट्टीच्या खाली कापड पुढे सरकवणारे दाते असतात. ते दिसतच नव्हते. त्यांच्या चहूबाजूंनी काळा, घट्ट लगदा बसला होता, दातांना वर यायला जागाच नव्हती. मी केसांच्या पिनेने तो उकरला. सुताचा भुगा होता, तेल होतं, आणि आत पिवळट-करडे कण होते. मी ते बोटावर घेऊन आईपुढे धरले. आईने वास घेतला, मग चिमटीत चुरले.

"भाकरी हाय ही," ती म्हणाली. "बाजरीची."

मग सगळं हळूहळू लक्षात आलं. हाताने शिवणारी बाई घासाच्या कडेकडेने सुई फिरवते. घास आत सुखात राहतो. मशीन कुणाला वळसा घालत नाही, ती सरळ घासातून जाते. बाजरीची भाकरी वाळली की तिचा भुगा होतो. प्रत्येक वाकळेच्या शेवटच्या कोपऱ्यात सुई भाकरीतून खाली जायची आणि दर टाक्याला थोडा चुरा खाली पडायचा. मी वरून तेल घालत होते, त्याने तो आणखी घट्ट होत होता. कुठल्याही व्हिडिओत हे सांगितलेलं नव्हतं, कारण व्हिडिओवाले वाकळेला जेवू घालत नाहीत.

आईला हसू फुटलं, ते थांबेचना. "म्हंजे आतापर्यंतच्या समद्या वाकळांचा घास हिनंच खाल्ला की माय."

मीही हसले. मग मला गल्लीतल्या सगळ्या घरांतल्या वाकळा आठवल्या आणि त्या उपाशी राहिल्या का, असं मी आईला विचारलं. अगदी खरं विचारलं. आईने डोळे पुसले आणि थोडा विचार केला. बराचसा घास आत राहिलाच असेल, ती म्हणाली, आणि जो पडला तो शिवणारीच्या पोटात गेला, त्यात वावगं काय. शेतात पेरणाऱ्याला आधी जेवायला देतात. माझं तेवढ्याने समाधान झालं.

जुन्या टूथब्रशने मी दाते घासले, खालची सगळी खाच पुसली, मुंग्या झटकल्या. पट्टी बसवून मशीनचं डोकं परत जागेवर लावलं, वाकळ खाली सारली आणि पाय मारला. कापड पुढे सरकलं. चांगल्या चालणाऱ्या मशीनचा आवाज मला ओळखता येतो, त्यात एक टकटक असते, ती सारखी असली पाहिजे. ती सारखी होती. आईने दुसरं टोक खांद्यावर घेतलं आणि माझ्या पायाच्या वेगाने ती एकेक पाऊल पुढे येत गेली. शर्टाची बाही जिथे होती तिथे थर जाड झाला होता, तिथे मी पाय थांबवला आणि चाक हाताने फिरवून एकेक टाका घातला. उजेड दारातून मागे सरकायला लागला होता तेव्हा तीन कोपरे आणि चारही कडा झाल्या.

आईने काकूंना हाक मारली. त्या मुलीला घेऊन आल्या. भांडी घासताना हाताला लागलेली राख त्यांनी आमच्याच मोरीत धुतली. आईने जे घडलं ते त्यांना सांगून टाकलं. मला वाटलं होतं सांगू नये. पण काकू मशीनकडे बघत राहिल्या, एखाद्या नव्या सुनेकडे बघावं तसं. मग त्यांनी सोबत आणलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले. एक मशीनच्या फळीवर ठेवला, पट्टीपासून लांब.

"हिला आदी," त्या म्हणाल्या. "भुकी ऱ्हायली मनून तर चोरून खात व्हती."

दुसरा तुकडा त्यांनी कोपऱ्यात सारला. पार आत, हात मनगटापर्यंत घालून. हात काढायला त्यांना थोडा वेळ लागला. आत त्यांच्या बोटांना शर्ट लागला असणार, मला ते चेहऱ्यावरून कळलं. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती. काकूंनी हात बाहेर काढला आणि कोपरा माझ्यापुढे केला.

तो कोपरा मी मशीनवर घेतला नाही. सुई ओवून हाताने बंद केला, घासाच्या कडेने, आई करते तसा. आता मी प्रत्येक वाकळेचा तो एक कोपरा हातानेच बंद करते. बाकी सगळी मशीनवर.

मग काकूंनी वाकळ तपासली. आमच्याकडच्या बायका वाकळ वरून बघत नाहीत, उलटी करून बघतात. त्यांनी ती उलटी अंथरली, टाक्यांच्या ओळींवरून तळवा फिरवला, दोन ठिकाणी चिमटीत धरून जोरात ओढली. नंतर मुलीला तिच्यावर झोपायला लावलं आणि अर्धी तिच्या अंगावर घातली. मुलगी लाजून उठायला बघत होती, काकूंनी तिला खांद्याला धरून दाबून ठेवलं. वाकळ तिच्या पायांवर पडली आणि पायांच्याच आकाराची झाली. कुठे उभी राहिली नाही.

"लई मऊ झाली," काकू म्हणाल्या. त्यांना माझं कौतुकच करायचं होतं. "उसाच्या फडावरच्या बायकांना मी हाताची मनूनच सांगते बघ. मशीनची मनलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाई."

मी सुई पिनकुशनमध्ये टोचत होते. एरवी मी हसून सोडून दिलं असतं.

"नाही काकू," मी म्हणाले. "मशीनचीच सांगा. मी शिवलेली."

आईने माझ्याकडे बघितलं. काकूंनीही बघितलं. मग त्यांनी मान हलवली आणि वाकळेची घडी घालायला घेतली.

ट्रॅक्टर सकाळी वेशीत उभा होता. ट्रॉलीत भांडी, बांबू, कोंबड्यांची टोपली, शेळ्या आणि त्यांच्यामध्ये माणसं. काकूंची मुलगी चुलतीच्या शेजारी उभी होती, नवी वाकळ खांद्यावरून पांघरून, तेवढी थंडी नसतानाही. एरवी इतकी माणसं असली की मी घरातून बघते. त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेले. चढताना काकूंनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग वाकळेच्या कोपऱ्यावरून, आणि वर चढल्या. ट्रॉलीतल्या एका बाईने मुलीच्या अंगावरचा हिरवा रंग बघून कुठून घेतली म्हणून विचारलं.

काकूंनी रडत रडतच माझ्याकडे बोट केलं आणि इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, की घेतली नाही, मशीनवर शिवून घेतली, ती बघ शिवणारी.

ट्रॉलीतल्या सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही.